डावीकडं झुकणारी शिवण

मोटारीच्या सीटांवर माझं पोट चालतं. चेन्नईबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात मी सीट विभागात इंजिनिअर आहे. माणूस बसला की फोम कुठं आणि किती दबतो, कव्हर कुठं घासतं, दहा वर्षांनी त्या सीटचं काय होईल, हे बघायचं माझं काम. सांगलीला माहेरी गेलं की आत्या-मावश्या कौतुकानं विचारतात, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" मी सांगते, "लोकांची बुडं सांभाळते." मग पुढचा प्रश्न येत नाही.

त्यामुळं गेल्या मे महिन्यात सासऱ्यांच्या मोटारसायकलीचं सीट कव्हर बदलायची वेळ आली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही मान ताठ करून म्हटलं, "त्यात काय! तासाभराचं काम." जीभ हासडून टाकावी असं वाटतं कधीकधी.

आमचं घर चेन्नईतच, वेस्ट मांबलमला, तळमजल्यावर. सासर तंजावरकडचं. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं. घरात मराठीच बोलतात, पण जुन्या वळणाची आणि तमिळ हेल काढून. इथं म्हणजे 'हिंगे' आणि तिथं म्हणजे 'तिंगे'. लग्नानंतर पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवत होते. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो आणि सासूबाईंना अम्मा. अप्पा शाळेत गणिताचे मास्तर होते. आता वय चौऱ्याहत्तर, पण अजूनही त्यांच्यापुढं गोल पोळी ठेवली की ते तिचा मध्य शोधतात. अम्मा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान आणि सहापट ठाम. माझा नवरा दिवसभर कानात यंत्र घालून परदेशातल्या कुणाशी तरी बोलत असतो, त्याला या हकिकतीत फारसं काम नाही.

रोज सकाळी सात वाजता अप्पा गाडी फाटकाबाहेर काढत. गल्लीत आवाज नको म्हणून कोपऱ्यापर्यंत ती हातानंच ढकलत नेत. तासाभरानं भाजी, पेपर, कधी मोगऱ्याचा गजरा घेऊन परत येत, तेही कोपऱ्यापासून ढकलतच. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरण देऊन वरच्या मजल्यावरच्या तरण्याताठ्या पोरांना झापलं गेलं होतं.

मग दिवाळीच्या सुमाराला मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना बसचा धक्का लागला. तेही अप्पांच्याच वयाचे, तेही सकाळी दुचाकीवर बाहेर पडलेले. जिवावरचं पायावर निभावलं, पण अम्मांनी जो धसका घेतला तो घेतलाच. गाडी विकायची, बस्स. हे अप्पांना सांगायचं काम नवऱ्यानं दोनदा करून बघितलं आणि दोन्ही वेळा ते त्याला वेग, अंतर आणि ब्रेक यांचं गणित घालून मोकळे झाले. शेवटी अम्मा मला म्हणाल्या, "तू सांग. तू आडपडदा ठेवत नाहीस." हे कौतुक होतं का टोमणा, ते मी विचारलं नाही. तडक जाऊन अप्पांना म्हटलं, "अप्पा, अम्मांचा जीव टांगणीला लागतो. गाडी काढून टाका." मला वाटलं आता फळ्यावर खडू चालणार. पण ते खिडकीबाहेर बघत "सरी" एवढंच म्हणाले. सरी म्हणजे बरं. इतकं सहज ऐकलं म्हणून मी जरा फुशारलेच.

त्यांची अट एकच होती. सीट बदलल्याशिवाय गाडी द्यायची नाही. "फाटकं नेसवून कोण्ही लेकीला सासरी धाडतं का?" असं ते म्हणाले. आणि ते काम बाहेर द्यायचं नाही, घरीच करायचं. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, अड्यारला राहणारे एक गृहस्थ, ज्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. ते रविवारी सकाळी यायचे होते. म्हणून शनिवारी आम्ही सीट काढून गच्चीवर नेलं.

गच्चीवर अम्मांचे वडाम वाळत होते. वडाम म्हणजे त्यांच्याकडच्या तांदळाच्या कुरडया. अर्धी गच्ची वडामांची, अर्धी आमची, आणि मध्ये अम्मांनी टाकलेली जुनी काठी. ती हद्द ओलांडायची नाही अशी तंबी मिळाली होती. सकाळी साडेआठलाच फरशी अशी तापली होती की चपलेतून चटका बसत होता. मी खूष होते. रेक्झिन तापलं की मऊ पडतं आणि ताणून बसतं. कारखान्यात त्यासाठी गरम हवेचं यंत्र लागतं, इथं मे महिना फुकटात काम करत होता.

जुनं कव्हर काढायलाच दीड तास गेला. सीटच्या खालच्या पत्र्याला कडेनं दातऱ्या असतात, कव्हर त्यांच्यात अडकवून त्या आत मुडपलेल्या. एकेक दातरी पेचकसानं उचकटायची. त्यातल्या निम्म्या गंजलेल्या. दोनदा पेचकस निसटून माझ्या अंगठ्यात घुसला आणि मी सांगलीच्या भाषेत असं काही बोलले की अप्पांनी चष्मा काढून पुसला. "ह्याचा अर्थ काय?" म्हणाले. मी म्हटलं, "नका विचारू, अप्पा."

मग नवं कव्हर उन्हात टाकलं आणि आमचं वाजायला सुरुवात झाली. नव्या कव्हरवर मधोमध एक पांढरी शिवण होती, पुढून मागं जाणारी. अप्पांनी जुन्या कंपासपेटीतली पट्टी आणली, फोमची रुंदी तीन जागी मोजली, मध्य काढून खडूनं रेघ ओढली. मी म्हटलं, "अप्पा, आमच्याकडं असं करत नाहीत. आधी पुढचं टोक अडकवायचं, मग मागचं, मग दोन्ही बाजू हातानं सारख्या ओढत न्यायच्या. शिवण आपोआप मध्ये येते." ते म्हणाले, "आपोआप काहीच येत नाही." तरी माझ्या पद्धतीनं केलं. ते पत्रा धरून बसले, मी गुडघा टेकवून ओढत राहिले. "हिंगे धर, तिंगे ओढ, पोरुम, पोरुम!" पोरुम म्हणजे पुरे. सगळ्या दातऱ्या मुडपून सीट सरळ केलं, तर शिवण डावीकडं झुकलेली.

अप्पांनी नुसतं बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडं मास्तर बघतात ना, ते बघणं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं उचकटून दुसऱ्यांदा केलं, या वेळी त्यांच्या रेघेवर शिवण ठेवून. तरी डावीकडंच. तिसऱ्यांदा तर दोघांनी मिळून, शपथेवर सांगते, देवाचं नाव घेऊन ओढलं. पुन्हा तेच. तोवर एका कावळ्यानं हद्द ओलांडून दोन वडाम पळवले होते, खालून अम्मा "अय्यो, बघता काय दोघं?" म्हणून ओरडत होत्या आणि माझा घामानं पार लगदा झाला होता.

"तुमचं मोजमाप चुकलंय," मी म्हटलं.

"माझं मोजमाप?" अप्पा म्हणाले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे बोलायचं नसतं हे मला बोलून झाल्यावर कळलं. "तूच कारखान्यात शिकलीस ना? मग बघ कुणाचं चुकलंय ते."

मग मी चिडून ते केलं जे मला सकाळीच करायला हवं होतं. कव्हर बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि फोमवरून नुसता तळहात फिरवला. नोकरीतलं माझं अर्धं काम हेच. पुढं टाकीजवळ फोम पिचलेला होता, तो वर्षानुवर्षं चालवणाऱ्याचा. मागं उजवीकडं ठीक. पण पुढच्या जागेच्या डाव्या कडेला हात गेला आणि एकदम खाली बसला. तिथला फोम कडेला चेपून पार गेलेला होता. दोन्ही पाय टाकून चालवणाऱ्याच्या बुडाखाली तो भाग तसा दबतच नाही. तिथं तसा खड्डा पडायला एखाद्यानं दोन्ही पाय डावीकडं सोडून, एका बाजूनं, आणि तेही रोज बराच वेळ बसायला हवं. जुनं कव्हर उचलून बघितलं. बरोबर त्याच जागी ताजी चीर.

"अप्पा," मी म्हटलं, "ह्या गाडीवर एका बाजूनं कोण बसतं?"

ते खडूनं माखलेली बोटं वेष्टीला, म्हणजे त्यांच्या लुंगीवजा धोतराला, पुसत राहिले.

"अम्मा तर तीन वर्षांत बसल्या नाहीत. आणि हे मागच्या सीटचं नाही. हे पुढचं आहे."

"कात्री कुठं ठेवलीस?" ते म्हणाले.

"अप्पा."

ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पाय वर उठत नाही. उजवा. खुब्यापासून. चालता येतं, पण सीटवरून पलीकडं टाकता येत नाही." कधीपासून, तर दिवाळीपासून. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर गाडीवर बसायला गेले आणि पाय गुडघ्याएवढाही उचलला नाही. तसेच एका बाजूनं सीटवर टेकले. समोर पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं छोटं देऊळ, वर पुंगाचं, म्हणजे करंजाचं झाड. तासभर तिथं बसले, पेपर वाचला, फूलवालीशी बोलले, परत गाडी ढकलत घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सात महिने.

"म्हणजे तुम्ही गाडी चालवतच नाही?"

"ढकलतो. हँडल धरलं म्हणजे चालताना आधार होतो. कोण्ही बघितलं तर म्हणतात, मास्तर गाडी नेताहेत. गाडी विकली म्हणजे हातात काठी घ्यावी लागेल. ती बघून लोक काय म्हणतील, ते तुला सांगायला नको." आणि लगेच मास्तरी आवाजात, "हिला सांगायचं नाही. वचन दे."

मी वचन दिलं. दुसरं काय करणार होते? मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. चार दिवसांपूर्वी मीच फुशारकीनं जाऊन त्यांना गाडी काढून टाका म्हणून सांगितलं होतं, आणि ते नुसतं "सरी" म्हणाले होते. आणि गंमत बघा, अम्मांना भीती होती ती अप्पा गाडी चालवतात याची. ते चालवतच नव्हते! एका वाक्यानं गाडी वाचली असती. पण ते वाक्य त्यांचं होतं, आणि ते बोलायला तयार नव्हते.

फोमच्या खड्ड्याचं काय करायचं, ते मात्र सोपं निघालं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या निश्चयानं घेतलेली माझी योगासनांची मॅट कपाटावर धूळ खात होती. तिचा तुकडा कापून खड्ड्यात चिकटवला, कडा ब्लेडनं तासल्या, वर पातळ प्लॅस्टिक घातलं आणि चौथ्यांदा कव्हर ओढलं. शिवण नाकासमोर सरळ आली. अप्पांनी पट्टी लावून बघितलं. "शंभरपैकी अठ्ठ्याण्णव," म्हणाले. दोन कशाचे कापले ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात अम्मांपाशी घुटमळत राहिले. म्हटलं, "गाडी राहिली तर काय बिघडलं? जागा थोडीच खाते?" अम्मांनी कॉफीचं डिकॉक्शन गाळता गाळता माझ्याकडं असं बघितलं की मी गप्पच बसले. "तूही त्यांच्यातली झालीस?" त्या म्हणाल्या. "माझ्या जिवाला काय होतं ते तुला नाही कळणार." मी ओठ आवळून इडलीचं भांडं घासत बसले, जे आधीच घासलेलं होतं.

गिऱ्हाईक भला माणूस निघाला. गाडीभोवती हळू फिरला, टाकीवर हात फिरवला, सीट दाबून बघितलं. "कव्हर कुणी बसवलं? सुरेख," म्हणाला. दोन किकमध्ये गाडी सुरू झाली. आणि मग त्या बिचाऱ्यानं अगदी आदरानं, तमिळमध्ये अप्पांना म्हटलं, "सर, इतकी वर्षं तुमची गाडी. न्यायच्या आधी शेवटची एक चक्कर तुम्ही मारून या."

अम्मासुद्धा म्हणाल्या, "जा. एकदा जाऊन या. सावकाश." अप्पांनी आरसा पुसला. टायर दाबून बघितला. पेट्रोलचं झाकण उघडून पुन्हा लावलं. त्यांचा उजवा पाय जमिनीवरून इंचभर उठला आणि परत टेकला. हे फक्त मी बघितलं.

"मी चालवणार!" मी एकदम एवढ्या मोठ्यानं म्हटलं की नवरा कानातलं यंत्र काढून बाहेर आला. "कव्हर मी बसवलंय, पहिला मान माझा. अप्पा, तुम्ही मागं बसा."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग वेष्टी गुडघ्यावर आवरली, सीटकडं पाठ केली आणि मागं बसले. एका बाजूनं, दोन्ही पाय डावीकडं. गल्लीतली सगळी माणसं बघत होती. मास्तर कधी कुणाच्या मागं बसले नव्हते, आणि असे तर नाहीच नाही. अम्मा पुढं आल्या. त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही, पण त्यांनी अप्पांचा डावा पाय उचलून पायरीवर नीट ठेवला. "हात हिंगे धरा," त्या म्हणाल्या, "आणि वळणावर विरुद्ध बाजूला झुकू नका. घाबरून तसंच होतं. वेष्टी चाकाकडं जाऊ देऊ नका."

आम्ही निघालो. स्टेशनच्या दिशेनं, हळूहळू. अप्पा मागून सूचना देत होते, गिअर, हॉर्न, ती म्हैस. मग गप्प झाले. मला वाटलं, रडतात का काय. तेवढ्यात म्हणाले, "हे चष्म्याचं दुकान कधी झालं?"

"दहा वर्षं झाली असतील, अप्पा."

"मी रोज इथून जायचो. समोर बघत." मग पाट्या वाचत राहिले. शिंपी, मिठाई, झेरॉक्स, दातांचा दवाखाना. थोड्या वेळानं म्हणाले, "पण उजवी बाजू अजिबात दिसत नाही. हिनं इतकी वर्षं अर्धाच रस्ता बघितला?"

परत आलो तेव्हा तो अड्यारचा गृहस्थ किल्लीसाठी हात पुढं करून उभा होता. अप्पा उतरले. किल्ली मी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी मूठ मिटली. अम्मांकडं बघून म्हणाले, "मला पाय उचलता येत नाही. दिवाळीपासून. मी चालवत नाही गाडी. कोपऱ्यापर्यंत ढकलतो, देवळासमोर बसतो आणि येतो."

"रोज?" अम्मा म्हणाल्या.

"रोज."

मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लागणार. कसलं काय! अम्मांचा आवाज चढला. "आणि मी? तुम्ही बाहेर पडलात की येईपर्यंत मी देवापुढून उठत नव्हते! दूध उतू गेलं, उठले नाही. फोन वाजला, उठले नाही. सात महिने! आणि तुम्ही पन्नास पावलांवर बसून पेपर वाचत होतात!" मग त्यांचं लक्ष अप्पांच्या उजव्या पायाकडं गेलं. "पाय दुखतो म्हणून मला सांगायला काय झालं होतं?"

अप्पा खाली मान घालून उभे राहिले. "लाज वाटली," म्हणाले. नुसतं एवढंच. अम्मांनी त्यांच्या मुठीतली किल्ली काढून घेतली. गिऱ्हाइकाकडं वळून तमिळमध्ये सांगितलं, गाडी द्यायची नाही, माफ करा, पण कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. आणि किल्ली माझ्या हातात कोंबली. "चल. मलाही ने."

त्या सराईतपणे बसल्या, एका हातानं पदर आवरून. वाटेत मी अप्पांचं ते अर्ध्या रस्त्याचं सांगितलं. अम्मा हसल्या. "वेडे आहेत," म्हणाल्या, "येताना दिसते की दुसरी बाजू." स्टेशनपर्यंत जाऊन आम्ही वळलो, कुठं थांबलो नाही.

गल्लीत शिरलो तर अप्पा फाटकाच्या बाहेर, थेट रस्त्याच्या मध्ये येऊन उभे होते. हातात काही नव्हतं, एक हात भिंतीला टेकवायलाही विसरले होते. "इतका वेळ?" ते माझ्यावर खेकसले. "कुठं होता तुम्ही? माणसानं काय समजायचं?"

आम्हाला जाऊन यायला जेमतेम सात मिनिटं लागली होती.